'ओल्ड-फॅशन्ड'मध्ये जोर नेमका कुठं? मार्क गेले आणि डोकं पण गेलं

खानापूर_लोकल:

नमस्कार सगळ्यांना. बीए शेवटचं वर्ष, इंग्लिश घेतलंय, रोज खानापूरहून बेळगावला ये-जा. यावेळी फोनेटिक्सचा, म्हणजे उच्चारशास्त्राचा पेपर आहे. परवाच्या इंटर्नलला प्रश्न होता, दिलेल्या शब्दांचे सिलेबल (उच्चाराचे तुकडे) पाडा आणि स्ट्रेस (जोर) दाखवा, दहा शब्द दहा मार्क. त्यात तीन जोडविशेषणं होती, ओल्ड-फॅशन्ड, ॲब्सेंट-माइंडेड आणि मिडल-एज्ड. मी तिन्हींना पहिल्या भागावर जोराची काठी मारून मोकळी झाले कारण नोट्समध्ये मोठ्या अक्षरात लिहिलंय की कंपाउंड म्हणजे जोडशब्दात जोर पहिल्या भागावर, ब्लॅकबोर्ड, ग्रीनहाऊस वगैरे. तिन्ही चूक! मॅडमनी लाल पेनानं काठी खोडून दुसऱ्या भागावर नेली.

बरं म्हटलं, चूक तर चूक. घरी येऊन डिक्शनरीत ऐकलं तर एकटा शब्द अगदी मॅडम म्हणतात तसाच. पण खाली उदाहरणाचं वाक्य होतं, ओल्ड-फॅशन्ड हाऊस असं काहीतरी, त्यात ती उच्चार म्हणणारी बाई सरळ 'ओल्ड'वर जोर देते. दहा वेळा लावून ऐकलं, शेवटी आई आतून ओरडली की ते काय लावलंयस एकच. मग मी बरोबर की मॅडम बरोबर की ती डिक्शनरीवाली बाई?

आणखी एक. मिडल-एज्डचे मी चार सिलेबल पाडले, मिड-डल-ए-जेड. मॅडम म्हणतात तीन. पण ॲब्सेंट-माइंडेडचे चार बरोबर धरले, मग तिथलं 'डेड' वेगळं मोजायचं आणि इथलं 'जेड' मोजायचं नाही, हा कुठला न्याय? मॅडमना विचारायला गेले तर त्यांचा पुढचा तास होता आणि माझी गाडी होती. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा की.

अनगोळचा_भाचा:

अगं कंपाउंड म्हटलं की पहिल्यावरच जोर, हे आम्हाला पीयूसीलाच (अकरावी-बारावीला) शिकवलं होतं. ब्लॅकबोर्ड, पोस्टमन, रेनकोट, कुठलाही घे. मॅडमना जाऊन दाखव आणि मार्क मागून घे, लाजायचं कशाला.

निपाणी_मास्तर:

भाच्या, थांब जरा, तू पोरीचे आणखी दोन मार्क घालवशील. एकतीस वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवलंय, ही चूक दर वर्षी तपासलीय, आणि खरं सांगायचं तर सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःच ती शिकवलीय.

तू जी उदाहरणं दिलीस ती सगळी नामं आहेत. ब्लॅकबोर्ड, रेनकोट, पोस्टमन. नामांत जोर बहुतेक पहिल्या भागावर, तिथं तुझं बरोबर. ग्रीनहाऊसमध्ये जोर ग्रीनवर दिला की रोपं वाढवायचं काचघर, आणि हाऊसवर दिला की हिरवा रंग मारलेलं घर, कुणाचंही. विशेषणांचा हिशेब वेगळा आहे. विशेषण अधिक नाम आणि मागं 'एड', म्हणजे ओल्ड-फॅशन्ड, बॅड-टेम्पर्ड, काइंड-हार्टेड, लेफ्ट-हँडेड, शॉर्ट-सायटेड, या घराण्यात मुख्य जोर दुसऱ्या भागावर. ओल्ड-'फॅशन्ड. बॅड-'टेम्पर्ड. लेफ्ट-'हँडेड. मी इथं जोर आहे त्या तुकड्याच्या आधी काठी देतोय, डिक्शनरीत देतात तशी. (काही अमेरिकन डिक्शनऱ्यांत ही खूण तुकड्याच्या नंतर असते, तेवढं बघून घ्यायचं, नाहीतर सगळंच एक घर पुढं सरकतं.)

पण पहिला भाग मोकळा नसतो हे लक्षात ठेव. 'ओल्ड'वर दुय्यम जोर असतो, डिक्शनरीत खालच्या बाजूला बारकी काठी असते ती. ती बारकी काठी पोरं बघतच नाहीत, आणि सगळी गंमत तिथंच आहे.

आता तुझी डिक्शनरीवाली बाई. ती पण बरोबर, मॅडम पण बरोबर. शब्द एकटा म्हटला किंवा वाक्याच्या शेवटी आला तर जोर दुसऱ्या भागावर. माझे आजोबा फार ओल्ड-'फॅशन्ड आहेत, असं. पण लगेच पुढं नाम आलं आणि त्या नामावर स्वतःचा जोर असला तर दोन मोठे जोर एकमेकाला खेटून येतात, 'फॅशन्ड 'हाऊस. इंग्रजी कानाला ते धक्काबुक्कीसारखं लागतं. म्हणून पहिला जोर मागं उडी मारतो आणि जाऊन बसतो कुठं, तर त्या बारक्या काठीवर. अन् 'ओल्ड-फॅशन्ड 'हाऊस. अ 'मिडल-एज्ड 'वुमन. ॲन 'ॲब्सेंट-माइंडेड प्रो'फेसर. जिथं बारकी काठीच नाही तिथं उडी मारायला जागा नाही, तिथं हे होत नाही.

रोजच्यातलं उदाहरण घे. धिस कार इज सेकंड-'हँड. पण अ 'सेकंड-हँड 'कार. थर्टीन पण तसंच. आय ॲम थर्'टीन, पण 'थर्टीन 'बुक्स.

लाँगमनच्या डिक्शनरीत असल्या शब्दाच्या उच्चारापाशी डावीकडं तोंड केलेला काळा बारका त्रिकोण असतो. तो त्रिकोण म्हणजे हा जोर पुढं नाम आलं की मागं सरकतो. कॉलेजच्या लायब्ररीत असेल तर काढून बघ.

एडचं उद्या लिहितो, जेवायला बोलावलंय.

वडगाव_ते_वाकड:

मास्तरांनी छान सांगितलं. मी पुण्यात एका कॉल सेंटरला तीन वर्षं होतो, आता सुटलो. तिथं पहिला महिना हेच, व्हॉइस ट्रेनिंग. आमची ट्रेनर टेबलवर पेन आपटायला लावायची. जोराच्या तुकड्याला जोरात, बारक्या काठीला हळू, बाकीच्याला पेन हवेत. ॲब्सेंट-माइंडेड म्हणजे हळू, हवेत, जोरात, हवेत. मग पुढं प्रोफेसर लावायचं आणि पेन कुठं पडतं बघायचं. आम्ही बारा जण एकदम पेन आपटायला लागलो की शेजारच्या टीमचे लोक काचेतून बघायचे.

आमचा बेळगाव-कोल्हापूरवाल्यांचा खरा घोळ जोर कुठं द्यायचा हा नव्हताच, जोर काढून कुठं घ्यायचा हा होता. आपण मराठीत सगळे तुकडे सारखेच वाजवतो. वर्गात हजेरीला 'ॲब-सेंट सर' म्हणतो, त्यात 'सेंट' ठणठणीत. इंग्रजीत तो दुसरा तुकडा मरगळतो, ॲब्-सन्ट, त्यातला स्वर नुसता आहे म्हणायला. ते मरगळणं जमलं की जोर आपोआप उठून दिसतो, वेगळा ओरडावा लागत नाही. मला हे कळायला दोन महिने लागले, तोवर मी प्रत्येक जोरावर नुसता किंचाळत होतो आणि गिऱ्हाईक विचारायचं, सर आर यू अँग्री?

गंमत म्हणजे हाच ॲब्सेंट क्रियापद झाला की जोर मागच्या तुकड्यावर जातो, अब्'सेंट, म्हणजे मुद्दाम गैरहजर राहणं. तिथं आपल्या हजेरीचा 'सेंट' बरोबर बसतो, पण हजेरी घेताना ते कोण म्हणतंय.

निपाणी_मास्तर:

आता एड. सोपं आहे, पण आपल्या लिपीमुळं अवघड होतं.

एडच्या आधीचा शेवटचा आवाज ट किंवा ड असला तरच एडचा वेगळा सिलेबल होतो, इड असा. माइंड-एड, हँड-एड, हार्ट-एड, साइट-एड. कारण ड वर परत ड जीभ न उचलता म्हणता येत नाही, मध्ये स्वर घ्यावाच लागतो. बाकी सगळीकडं नुसता ड किंवा ट चिकटतो, तुकडा वाढत नाही. फॅशन-ड, टेम्पर-ड, वेल-ड्रेस्-ट. ब्ल्यू-आइड दोनच तुकडे. एज्ड पण एकच तुकडा, एज् आणि मागं ड. म्हणून मि-डल-एज्ड तीन, आणि ॲब्-सन्ट-माइन्-डिड चार. तुझ्या मॅडमचा न्याय बरोबर आहे बाळ.

अपवाद आहेत. काही जुनी विशेषणं एड पूर्ण म्हणतात, विकिड, रॅगिड, लर्निड मॅन. आणि तुझ्याच शब्दातला एज्ड, तो एकटा म्हातारा या अर्थी आला, ॲन एजिड मॅन, तर दोन तुकडे. मिडल लावलं की एक. म्हणजे तू चार पाडलेस ते अगदीच हवेतलं नव्हतं, पण मार्क नाहीतच.

तुकडे मोजायची जुनी युक्ती, हनुवटीखाली पालथा हात ठेव आणि शब्द म्हण. हनुवटी जितक्यांदा हाताला लागेल तितके सिलेबल. ट्रेनमध्ये करू नकोस, लोक दात दुखतोय का विचारतील.

हिंडलगा_वाचक:

विषय निघालाय म्हणून मधेच तोंड घालतो, मला इंग्रजीतलं फार कळत नाही, पण मराठी घेऊन एमए केलंय आणि या तुकडे मोजण्याच्या घोटाळ्याचं मूळ मला आपल्या कवितेच्या वृत्तांमध्ये दिसतं.

शाळेत यमाताराजभानसलगा घोकताना आपण अक्षरं मोजली. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत, एका ओळीला बारा अक्षरं, चार वेळा य गण, आणि लिहिलंय ते प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणायचं. मात्र बोलताना आपण तसं म्हणत नाही. 'घर' लिहिताना दोन अक्षरं, बोलताना एकच तुकडा, घर्. म्हणजे कागदावरचं अक्षर आणि तोंडातला तुकडा या दोन गोष्टी मराठीतच वेगळ्या आहेत, इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून मोजायला गेलं की आणखी वेगळ्या होतात. 'फॅशन्ड' लिहून बघा, कितीही अक्षरं वाटोत, तोंडात दोनच.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्या गावाचंच नाव. बेळगाव. लिहायला चार अक्षरं, बोलायला दोन तुकडे, बेळ्-गाव्. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी झालं, ते कन्नड माणूस म्हणतो तेव्हा चार पूर्ण तुकडे, बे-ळ-गा-वि, प्रत्येकाला स्वर, ळ पण मोकळा. आणि तेच नाव आपला मराठी माणूस वाचतो तेव्हा ळ परत अर्धा करून तीनच पाडतो, बेळ्-गा-वी. वादावादीत मला पडायचं नाही, मी नुसते तुकडे मोजतोय.

अनगोळचा_भाचा:

खरं की! आमच्या शेजारचे कन्नड आजोबा बसला बस्सु म्हणतात आणि कारला कारु. म्हणजे ते एक सिलेबल जास्त घालतात आणि आपण एक खातो. मध्ये बिचारं इंग्लिश.

हिंडलगा_वाचक:

अगदी तेच. कन्नडात शब्द स्वरावर संपवायची सवय आहे. आपली सवय शेवटचा अ गिळायची.

आणि जोराबद्दल. मराठीत जोरानं अर्थ बदलत नाही हे खरं, पण आघात म्हणजे काय हे आपल्याला माहीत आहे. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू होतं हा नियम, 'पुस्तक'मधला पु गुरू. पण 'तुझ्या'मधला तु लघुच राहतो, कारण तिथं झ्या म्हणताना मागच्या अक्षरावर आघात येत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात हे एका ओळीत असतं आणि पोरं सोडून देतात. म्हणून बघा मोठ्यानं, पुस्तक, तुझ्या. जिभेला कळतं.

आता खरी मजा. समासात जोर कुठं यावरनं अर्थ बदलणं हे इंग्रजीनं शोधलेलं नाही. वेदातल्या संस्कृतात स्वर होते, म्हणजे आवाजाची उंची, आणि त्यावर समास ठरायचा. इंद्रशत्रूची गोष्ट ऐकली असेल. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, इंद्रशत्रू हा शब्द तत्पुरुष म्हणून, म्हणजे इंद्राचा शत्रू, मारणारा. त्यात उदात्त, म्हणजे उंच, स्वर शेवटी हवा होता. मंत्र म्हणताना तो पहिल्या पदावर पडला, शब्द बहुव्रीही झाला, म्हणजे इंद्र ज्याचा मारणारा आहे असा. तो मुलगा, वृत्र, जन्माला आला आणि इंद्राच्या हातून मेला. पतंजलीनं महाभाष्यात व्याकरण का शिकायचं हे सांगताना ही गोष्ट घेतलीय. मास्तरांचं काचघर आणि हिरवं घर वाचून मला पहिल्यांदा हेच आठवलं. खानापूरवाल्या ताईचे तीनच मार्क गेले, त्वष्ट्याच्या मानानं स्वस्तात सुटली.

खानापूर_लोकल:

बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. इंद्रशत्रूची गोष्ट लहानपणी ऐकली होती पण त्यात व्याकरण आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं.

सर, हनुवटीचं मी ट्रेनमध्येच केलं आणि समोरच्या काकूंनी खरंच लवंग देऊ केली.

एक शंका राहिलीय. मग विशेषण असलं की कायम दुसऱ्या भागावर असं धरू का? कारण मी ऐकत गेले तर होमसिकमध्ये मला होमवरच जोर ऐकू येतोय, वॉटरप्रूफमध्ये वॉटरवर. आणि फॅशन्ड कुठं तोडायचं, फॅश-अन्ड की फॅ-शन्ड? छापील डिक्शनरीत मध्ये टिंब आहे ते 'श'च्या नंतर आहे, सर मात्र फॅ-शन्ड तोडतायत वाटतं.

निपाणी_मास्तर:

चांगले कान आहेत तुझे. कायम असं धरू नकोस, मी म्हटलं ते एडवाल्या घराण्याचं. गुड-'लुकिंग, ईझी-'गोइंग, हार्ड-'वर्किंग, वेल-'नोन, होम-'मेड हे पण त्याच बाजूचे. पण पहिला भाग नाम आणि दुसरा भाग त्या नामावर काहीतरी करणारा इंगवाला शब्द असला, म्हणजे वेळ खाणारं, तोंडाला पाणी आणणारं, तर जोर नामावर. 'टाइम-कन्झ्यूमिंग. 'माउथ-वॉटरिंग कुंदा. 'हार्टब्रेकिंग. हा भाग बऱ्यापैकी भरवशाचा आहे.

नाम अधिक विशेषण मात्र बेभरवशी. 'होमसिक, 'सीसिक, 'वॉटरप्रूफ, 'ट्रस्टवर्दी, हे सगळे पुढं. आणि ड्यूटी-'फ्री, शुगर-'फ्री, वर्ल्ड-'फेमस, ब्रँड-'न्यू हे मागं. का म्हणून विचारू नकोस, एकेक शब्द डिक्शनरीत बघायचा. मी इतकी वर्षं शिकवून अजून बघतो.

फॅशन्डचं. छापील डिक्शनरीतली ती टिंबं बऱ्याचदा ओळ संपली तर शब्द कुठं तोडून खाली न्यायचा यासाठी असतात. ती लिहिण्याची सोय, तोंडाची नाही. तोंडाचे तुकडे उच्चाराच्या कंसात बघायचे. तिथंही पंडितांचं एकमत नाही. बरेच जण म्हणतात मधलं व्यंजन जमेल तितकं पुढच्या तुकड्याला द्या, म्हणजे फॅ-शन्ड. जॉन वेल्स म्हणून मोठे ध्वनिशास्त्रज्ञ, त्यांची लाँगमनची उच्चार डिक्शनरी १९९० ला आली, त्यांनी उलट धरलं की जोर असलेला तुकडा शेजारचं व्यंजन आपल्याकडं ओढतो, म्हणजे फॅश्-न्ड. त्या दुसऱ्या तुकड्यात स्वर नसला तरी चालतो, न् स्वतःच तुकडा धरून बसतो. डॅनियल जोन्स या ब्रिटिश ध्वनिशास्त्रज्ञांनी १९१७ मध्ये आपली उच्चार डिक्शनरी काढली, म्हणजे शंभरावर वर्षं झाली तरी वाद चालूच आहे. किती तुकडे याबद्दल वाद नाही, फॅशन्डचे दोन, अख्ख्या ओल्ड-फॅशन्डचे तीनच. कुठं तोडायचं याला तुमच्या पुस्तकात जे दिलंय ते लिही. परीक्षेत वेल्सशी भांडायला जाऊ नकोस.

वडगाव_ते_वाकड:

लिहिण्यावरून आठवलं. वेल-नोन नामाच्या आधी आलं तर मधे आडवी रेघ देतात, नंतर आलं तर बहुतेक देत नाहीत. अ वेल-नोन रायटर पण द रायटर इज वेल नोन. जोर पण तिथंच सरकतो. आमच्या ट्रेनरनं हे सांगितलं नव्हतं, मी आत्ता लिहिता लिहिता बघतोय.

निपाणी_मास्तर:

बरोबर आहे तुझं. रेघ जोरासाठी देत नाहीत, दोन शब्द मिळून एक विशेषण आहे हे डोळ्याला कळावं म्हणून देतात, पण जागा एकच.

अनगोळचा_भाचा:

मी माझे शब्द मागं घेतो मॅडम. माझा पीयूसीचा निकाल असा का लागला ते आज कळलं.

खानापूर_लोकल:

काल मॅडमना गाठलं. काळ्या त्रिकोणाचं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या पुढच्या आठवड्यात तेच घेणार होते. मार्क वाढवले नाहीत. घरी सरावाला पाच केलेत, सर बघता का? एकटा शब्द धरूनच लिहिलंय.

बॅड-'टेम्-पर्ड, तीन.
लेफ्ट-'हँ-डिड, तीन.
'टाइम-कन्-झ्यू-मिंग, चार.
वन-'आइड, दोन.
लाँग-'ले-गिड, तीन.

निपाणी_मास्तर:

पहिले चार पैकीच्या पैकी. लेग्डला आधी ग आहे, ट-ड नाही, म्हणजे नियमानं दोनच तुकडे व्हायला पाहिजेत, लाँग-'लेग्ड. पण लेगिड पण म्हणतात आणि डिक्शनरीत दोन्ही दिलेत. तू पेपरात तुमच्या पुस्तकातला लिही आणि दुसरा मॅडमना तोंडी सांग.